गाडी सहीसलामत हाय

आमच्या कॉलनीत कुणी गाडीला कुलूप न लावता दुकानात शिरलं, तर गाडी चोरीला जात नाही. तिला कुलूप लागतं.

हे कुलूप अर्थातच आपलं नसतं. दुधाची पिशवी घेऊन आपण बाहेर यावं, तर गाडीच्या पुढच्या चाकातून एक साखळी आरपार गेलेली असते, साखळीला पितळी कुलूप असतं आणि हँडलला सुतळीनं एक कागद बांधलेला असतो. कागद शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकेचा, पाठकोरा. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं : 'गाडी सहीसलामत हाय. चावी माझ्यापाशी. लिंबाखालचं घर. चहा ठिवलाय. या.' खाली सही : 'गंगाधर शिपाई (रिटायर)'.

परभणीत जिंतूर रोडच्या बाजूला घर घेऊन आम्हाला आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा हा कागद मला पहिल्यांदा मिळाला. आम्हाला म्हणायचं आपलं; राहायला मी एकटीच. मिस्टर नोकरीला लातूरला, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. मुलगी पुण्यात शिकते. मी झरीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरीच आत असलेल्या एका वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण. तो आतला रस्ता असा, की दोन थेंब पडले तरी काळ्या मातीत स्कूटरची चाकं रुतून बसतात. म्हणून मी मिस्टरांची जुनी मोटारसायकल चालवते. मोटारसायकलवाली मॅडम म्हणून झरीपासून पार चारठाण्यापर्यंतच्या गावांत माझी कीर्ती पसरलेली आहे. अशा बाईची गाडी भर चौकात कुणीतरी बांधून ठेवतो म्हणजे काय? मी तो कागद फाडला, तुकडे मुठीत धरले आणि तरातरा लिंबाखालच्या घरी गेले.

दारात धोतर आणि बंडी घातलेला एक काटकुळा म्हातारा उभाच होता, जणू पाहुण्यांच्या वाटेकडं डोळे लावून.

"मोटारसायकल तुमची व्हय?" त्यानं विचारलं.

"हो. आणि साखळी तुमची."

"हौ. या, टेका."

"मला टेकायचं नाही. चावी द्या."

"देतो की. आधी सांगा, गाडीला कुलूप कामून लावलं न्हाई?"

"लावलं होतं. हँडल लॉक केलं होतं मी."

म्हातारा समजूतदारपणे हसला. पहिलीच्या पोरानं दोन आणि दोन पाच सांगितल्यावर मी हसते, तसं. "वढून बघितलं का?"

नव्हतं बघितलं. कोण बघतं? चावी फिरवली, काढली, निघाले. पण त्यानं बघितलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझं हँडल लॉक लागलंच नव्हतं. चावी अर्धवट फिरली होती आणि गाडी कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हवाली करून मी दूध घ्यायला गेले होते. मी चावी घेतली आणि चहा न पिताच परत फिरले. मागून आवाज आला, "मॅडम, वढून बगत जावा."

हे गंगाधरमामा. एका शाळेत पस्तीस वर्षं शिपाई होते. शाळेच्या बत्तीस खोल्या, प्रयोगशाळेची कपाटं, सायकलींचा स्टँड, सगळ्या चाव्यांचा जिम्मा त्यांच्याकडं. सकाळी बत्तीस कुलपं उघडायची, संध्याकाळी बत्तीस लावायची आणि प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायचं. रिटायर झाले त्या दिवशी शाळेनं शाल-नारळ दिला आणि चाव्यांचा जुडगा काढून घेतला. शाल त्यांनी कुणालातरी देऊन टाकली. ओढून बघायची सवय मात्र हातातून गेली नाही. मग ते बँकेपुढच्या, मंगल कार्यालयापुढच्या, दवाखान्यापुढच्या गाड्यांची कुलपं ओढून बघायला लागले. दोनदा चोर म्हणून मार खाता खाता वाचले. "वढनारा चोर नसतोय," ते लोकांना समजावून सांगत, "चोर आधी हिकडंतिकडं बगतो. मी कुटं बगायलो?"

पुढं माझी त्यांच्याशी ओळख वाढली. वाढवली त्यांनीच, कारण कुलूप लावायचं मी वारंवार विसरायचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत देवाच्या तसबिरी एका भिंतीवर आणि कुलपं दुसऱ्या भिंतीवर. खिळ्याखिळ्याला एकेक कुलूप, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर मार्क. शाळेत जन्म गेलेल्या माणसाला दुसरं माप ठाऊकच नव्हतं. शंभरपैकी पस्तीसला पास. सायकलच्या मागच्या चाकाला असतं ते गोल कुलूप बारा मार्कांवर नापास झालेलं होतं.

"बारा?" मी म्हटलं. "आम्ही तर शाळेत असताना तेच वापरायचो."

"तवा चोरबी साळंतलेच व्हते. एका चावीनं तीन सायकली उघडतेत ह्यानं. स्टँडवर पोरी एकमेकीच्या सायकली घिऊन जायच्या, घरी गेल्यावर कळायचं."

मग ते दाखवायला लागले. प्लॅस्टिकचं जाडजूड वेष्टन असलेलं, अजगराएवढं दिसणारं तारेचं कुलूप : नऊ मार्क. "हे समदं सोंग हाय. आत तार बगा, कपडे वाळू घालायच्या दोरीवानी." आकड्यांचं कुलूप : वीस. "कुलूप बरं हाय, मानूस कच्चा. समदे आपल्या पोराचं जन्मसाल टाकतेत. न्हाईतर चार शून्य." हँडल लॉकला त्यांनी मार्कच दिले नव्हते, नुसत्या खिळ्याला चिठ्ठी बांधून तिच्यावर 'गैरहजर' लिहिलं होतं. "ते लाजंचं कुलूप हाय मॅडम. चोराला लाज असली तर थांबतो."

त्यांची परीक्षा घ्यायची रीत सरळ होती. पक्कड घ्यायची, कुलपाशी झटायचं आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. जितक्या आकड्यावर कुलूप हार मानेल तितके मार्क; पस्तिसाच्या आत हार मानली की नापास. एका दुपारी मी त्यांना विचारलं, "मामा, मग न तुटणारं कुलूप कुठलं?"

"तसलं कुलूप अजून कुनी घडीवलं न्हाई. कुलूप चोराला आडवत नसतंय, टाईम खातंय त्याचा. चोराला लय घाई असती. त्याच्या पाच मिंटाची दहा मिंटं केली, की त्यो म्होरल्या गाडीकडं जातो."

"म्हणजे शेजाऱ्याची गाडी जाते."

हे ऐकून मामा गंभीर झाले. "म्हनून तर समद्याच्या गाड्यास्नी लावावं लागतंय," ते म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या कमरेला एक चुन्याची डबी असे. डबीत चुना नव्हता, तंबाखूही नव्हती. शिसपेन्सिलीच्या टोकांची काळी भुकटी होती. कुलूप जड चालायला लागलं की त्यात ही भुकटी चिमूटभर घालायची, हा त्यांचा धर्म. तेलाचं नाव काढलं की मामांचा पारा चढायचा. "तेल भाजीला, शिसं कुलपाला!" हे वाक्य कॉलनीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं. तेलानं आत धूळ चिकटते, चिखल होतो आणि एक दिवस कुलूप असं बसतं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही, असं ते पटवून सांगत. एकदा वीजबिल वाटणाऱ्या माणसानं तलफ आली म्हणून मामांच्या डबीतली चिमूट न विचारताच तळहातावर घेतली, मळली आणि ओठात धरली. पुढं तीन दिवस तो हसला नाही. मामांना मात्र भुकटी वाया गेल्याचं वाईट वाटलं.

कॉलनीत त्यांच्याविषयी दोन तट होते. एक तट चिडलेला आणि दुसरा फार चिडलेला. कॉलनीचे सेक्रेटरी पतंगेसाहेब दुसऱ्या तटाचे पुढारी. मामांनी एकदा त्यांच्या व्याह्यांची गाडी बांधली होती आणि व्याही लिंबाखालच्या घरी चहाला गेले ते दीड तासानं परतले; तोवर इकडं पतंग्यांच्या घरची भजी गार. "हा माणूस कॉलनीचं न्यूसन्स आहे," असं पतंगेसाहेब व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी लिहीत. मामांकडं साधा फोन असल्यामुळं त्यांना यातलं काही पोचत नसे.

एका हवालदारांची गोष्ट मात्र मला तेव्हाही जरा नवलाची वाटली होती. पानटपरीपुढं चावीसकट उभी असलेली त्यांची मोटारसायकल मामांनी बांधली. हवालदार लाल होऊन लिंबाखालच्या घरी गेले. "आता मामा आत जाणार," असं म्हणत निम्मी कॉलनी रस्त्यावर आली. तासाभरानं हवालदार मिशी पुसत बाहेर आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलले आणि गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची गाडी पुन्हा त्याच टपरीपुढं, पुन्हा बिनकुलपाची. पोलिसानं तरी इतकं बेफिकीर असू नये, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

आणि गंमत म्हणजे मामांच्या स्वतःच्या सायकलीला कुलूपच नव्हतं. काळी, उंच, दांडीची सायकल. विचारलं तर म्हणत, "माजी कोन नेतंय? आन नेली तर आनून दील की. घर म्हाईत हाय समद्यास्नी."

मी चारपाच वेळा सापडल्यावर मामांनी मला त्यांच्या भिंतीवरचं एक कुलूप साखळीसकट दिलं. बासष्ट मार्कांचं, फर्स्ट क्लास. "हे कुनाला देत नसतोय," ते म्हणाले. "पर तुमचा रस्ता लांबचा. वढून बगत जावा." त्या दिवशीही त्यांनी चहा ठेवला होता आणि त्या दिवशीही मी घाईत होते. तोवर त्यांच्या घरी मी निदान दहा वेळा गेले असेन आणि चहा एकदाही घेतला नव्हता. मला नेहमीच घाई असते.

आता सव्वीस जानेवारीची गोष्ट.

आमची शाळा दोन शिक्षकी. दुसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. शाळेची चावी माझ्याकडं आणि झेंडाही माझ्याकडं, घडी करून पिशवीत ठेवलेला. सकाळी ठरल्या वेळेला झेंडा वर गेला पाहिजे. सरपंच येणार, गावची माणसं येणार, पोरं पांढरे कपडे घालून थंडीत कुडकुडत उभी राहणार. उशीर झाला तर तक्रारीचा कागद वर साहेबांकडं जातो, आणि तो एकदा वर गेला की पुन्हा खाली येत नाही. त्याहून मला भीती होती ती पोरांची. पंधरा दिवस त्यांनी लेझीम घोटली होती.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी सगळी तयारी करून ठेवली. गाडीत पेट्रोल भरलं, चाकात हवा भरली, आरसे पुसले. कुलूप थोडं जड चालत होतं. उन्हात ठेवलेली तेलाची बाटली हाताशी होती. म्हटलं, उद्या घोटाळा नको. चार थेंब सोडले आणि चावी कशी लोण्यातून फिरावी तशी फिरली. मला फार हुशारी वाटली.

सव्वीसला पहाटे परभणीची ती थंडी पडली होती, जिची बातमी टीव्हीवर सांगतात. मी स्वेटरवर स्वेटर चढवले, पिशवी गळ्यात अडकवली आणि कुलपात चावी घातली. चावी अर्ध्यावर अडली. काढली, पुन्हा घातली. पुन्हा अर्ध्यावर. जोर लावला तर चावी वाकायला लागली. साखळी ओढली, कुलूप आपटलं, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. घड्याळ पळत होतं. रिक्षावाल्याला फोन केला, तो उचलेना. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या; पण ज्याच्या त्याच्या घरचं कुणी ना कुणी कुठल्या ना कुठल्या ध्वजवंदनाला गाडी घेऊन गेलेलं. पतंगेसाहेब मफलर गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "दगड घाला त्याच्यावर." दगड घातला. कुलपाला ओरखडासुद्धा उठला नाही. बासष्ट मार्क उगीच नव्हते.

तेवढ्यात माकडटोपी घातलेले मामा आवाज ऐकून धावत आले. आणि माझा तोल गेला.

काय काय बोलले ते आता लिहवत नाही. पण लिहिलं पाहिजे. "तुमच्या कुलपांच्या नादापायी माझी नोकरी जायची वेळ आली," मी म्हणाले. "लोकांच्या गाड्या अडवायच्या, लोकांना घरी बोलवायचं, दुसरा काही उद्योग नाही का तुम्हाला? स्वतःला काम नाही म्हणून लोकांची कामं अडवता!" चारदोन माणसं जमली होती. पतंगेसाहेबांनी तेवढी मान डोलावली.

मामा खाली बसले. त्यांनी कुलूप हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ न नेता नाकाजवळ नेलं. हुंगलं. मग त्यांनी वर बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या डोक्याकडं. आणि पुन्हा खाली बघितलं.

"माजंच कुलूप खोटं निगालं मॅडम," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मार्क द्यायात चूक झाली माजी. दोन मिंटं थांबा."

ते घराकडं पळाले आणि परत आले ते हातात पातेलं घेऊन. पातेल्यावर ताटली, ताटलीखालून वाफ. चहा! माझी नोकरी चालली आहे आणि या माणसाला अजून चहा सुचतोय. मी ओरडणार होते, एवढ्यात त्यांनी ताटली बाजूला केली आणि तो उकळता चहा धार धरून कुलपावर ओतला. पतंगेसाहेब "अहो, अहो" करत मागं सरले. चहा कुलपावरून, साखळीवरून, टायरवरून खाली वाहिला. आल्याचा वास सुटला. मामांनी आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तीस झाल्यावर त्यांनी चावी घातली. ती पूर्ण आत गेली. फिरली. कुलूप उघडलं.

"जावा," मामा साखळी ओढून काढत म्हणाले. "आज वढून बगायला थांबू नका."

मी गेले. थांबले नाही, आभार मानले नाहीत, मागं वळून बघितलंसुद्धा नाही. शाळेत पोचले तेव्हा सरपंच नुकतेच येत होते. झेंडा वेळेवर वर गेला. पोरांची लेझीम इतकी छान झाली, की सरपंचांनी स्वतः होऊन जिलेबी मागवली. माझ्या ड्रेसवर चहाचे डाग होते, ते कुणाच्या लक्षात आले नाहीत.

दुपारी घरी आले. डोकं दुखत होतं, म्हणून चार थेंब तेल चोळावं असा विचार करून बाटली घ्यायला गेले. बाटली काल उन्हातून उचलून मी कोनाड्यात ठेवली होती. तीच बाटली, जिच्यातलं तेल कुलपात घातलं होतं. खोबरेल तेलाची. उलटी केली, थेंब पडला नाही. आत तेल पांढरंशुभ्र थिजून दगड झालं होतं.

मी ती बाटली हातात धरून कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. थंडीत खोबरेल थिजतं हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. म्हणून तर बाटली उन्हात ठेवतात. कुलपातही ते रात्रभरात थिजून बसलं होतं. दोष कुलपात नव्हता. आणि मामांनी ते हुंगताक्षणी ओळखलं होतं, वर माझ्या तेल चोपडलेल्या वेणीकडं बघून खात्रीही करून घेतली होती. तेल भाजीला, शिसं कुलपाला, असं शंभर वेळा सांगून थकलेल्या माणसाला चारचौघांत एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, तुम्ही तेल घातलंत. ते म्हणाले नाहीत. मला लाजेनं रडू आलं. लाजेपेक्षा जास्त आलं ते कशानं, हे मला माहीत आहे. माझं एवढं चुकल्यावर ती चूक स्वतःच्या अंगावर घेणारं माणूस या गावात माझं कुणी नव्हतं.

तशीच लिंबाखालच्या घरी गेले. दाराला कडी होती, मामा कुठं बाहेर गेलेले. खिडकीतून भिंत दिसत होती. खिळे होते, कुलपं नव्हती. सगळी काढून कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवली होती. खिडकीखालच्या ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातले होते. एकट्या माणसाच्या घरात दोन कप. मग मला आठवलं, पहाटे सहाला पातेलंभर चहा तयार होता. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांब हैदराबादला. कोणासाठी होता तो? बांधून ठेवलेल्या एखाद्या गाडीचा मालक सकाळी सकाळी आला तर, म्हणून? मला त्या कागदावरचे शब्द आठवले. इतक्या वेळा तो कागद माझ्या हातात आला आणि मी त्यातलं 'चावी माझ्यापाशी' एवढंच वाचलं होतं. 'चहा ठिवलाय. या' हे वाचलंच नव्हतं. हवालदारसाहेबांनी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

मामा भेटले तेव्हा मी हात जोडून खरं ते सांगितलं. "असू द्या वो," ते म्हणाले, "घाईत व्हतं आसं." त्यांनी विषय बदलला आणि थंडीविषयी बोलले. ग्रुपवर मी लिहिलं, 'कुलपात खोबरेल तेल मी घातलं होतं. मामांची चूक नव्हती.' त्यावर सहा अंगठे आले आणि पतंगेसाहेबांनी सुप्रभातचं चित्र टाकलं.

पण मामांनी कुलपं लावणं सोडलं ते सोडलंच. मी मुद्दाम गाडी बिनकुलपाची सोडून दुकानात जायचे आणि आत डाळीचे भाव विचारत उगीच वेळ काढायचे. बाहेर यायचे तर गाडी मोकळी. ना साखळी, ना कागद. हवालदारांची मोटारसायकलही टपरीपुढं दोनतीनदा दिसली, चावीसकट. एकदा मामा तिच्या शेजारून गेले. त्यांचा हात पुढं झालेला मी स्वतः बघितला; पण त्यांनी तो मागं घेतला आणि बंडीच्या खिशात घातला. कॉलनीत शांतता झाली. लोक म्हणाले, बरं झालं. मला त्या रस्त्यानं जायला नको वाटायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी मीच उठले. मिस्टर त्या आठवड्यात आले नव्हते. ते बासष्ट मार्कांचं कुलूप घेतलं, साखळी घेतली आणि कॉलनीतल्या देवळापाशी गेले. मामा नेहमीप्रमाणे दर्शनाला आत होते, त्यांची काळी सायकल बाहेर भिंतीला टेकलेली. ती मी ढकलत ढकलत माझ्या घरी आणली, अंगणात फाटकापाशी उभी केली आणि चाकातून साखळी घालून कुलूप लावलं. मग परत जाऊन भिंतीवर, सायकल टेकली होती तिथंच, पाठकोरा कागद चिकटवला. माझ्या शाळेतल्या उत्तरपत्रिकेचा.

'सायकल सहीसलामत हाय. चावी माझ्यापाशी. मोटारसायकलवाल्या मॅडमचं घर. चहा ठिवलाय. या.'

पाऊण तास कुणी आलं नाही. चहा दोनदा गरम केला. मला वाटलं, रागावले. आधीच दुखावलेल्या माणसाची आपण थट्टा केली. तेवढ्यात फाटक वाजलं. मामा कागदाची व्यवस्थित घडी हातात धरून उभे होते. कागद त्यांनी फाडला नव्हता.

ते आत आले नाहीत. आधी सायकलीपाशी वाकले. कुलूप नाकाशी नेऊन हुंगलं.

"शिसं घातलंय," मी म्हणाले. "दोन पेन्सिली उगाळल्या."

"हौ," मामा म्हणाले. एवढंच. पण मान हलली.

मग ते आले, टेकले. चहा घेतला. आलं कमी पडलं म्हणाले. दुसरा कप घेतला. मामींच्या हातच्या चहाविषयी बोलले, शाळेतल्या एका सरांविषयी बोलले जे दर शनिवारी चावी हरवायचे, मुलाच्या मुलीविषयी बोलले जी फोनवर त्यांना तेलुगूत गाणी म्हणून दाखवते. माझ्या मुलीचं कसं चाललंय ते विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कॉलनीतून मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला काही विचारलं नव्हतं. मी सांगत बसले. मला कसलीच घाई नव्हती. उन्हं अंगणातून ओसरीत आली तेव्हा मामा उठले, "चलतो" म्हणाले आणि चपला घालून फाटकाकडं चालायला लागले.

मी चावी घेऊन मागं धावले. "मामा, चावी! सायकल राहिली."

मामा वळले. माझ्या हातातल्या चावीकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "उद्या येतो की घ्यायला."

आणि जाता जाता वाकून त्यांनी ते कुलूप दोनदा ओढून बघितलं.